मानकऱ्याच्या घरच्या फळ्या

लहानांनो, थोरांनो, गोष्ट फार मागची आहे. त्या राज्याचे नाव आता कुणाला ठाऊक नाही. त्या राजाचेही नाही. पण त्या राज्यात नदीच्या वळणावर एक गाव होते आणि त्या गावाची एक रीत होती. रीत चांगली होती, म्हणून ती आधी सांगतो.

त्या गावात चूल आणि माजघर यांच्यामध्ये मातीची भिंत नसे. लाकडी फळ्यांची भिंत असे. वर एक खाच, खाली एक खाच आणि मध्ये उभ्या सरकवलेल्या फळ्या. हवी तेव्हा एकेक फळी ओढून काढता येई.

चूल रोज पेटते. कढईत तेल रोज तापते. तेलाची वाफ आणि धूर फळ्यांवर बसतो, चुलीकडून जास्त, फटींतून माजघराकडूनही. त्यावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल बसते. वर्षभरात फळी काळी आणि चिकट होते. हे कुणाच्याही घरी होते. जिथे चूल आहे तिथे हे आहे.

म्हणून देवीच्या उत्सवाआधी एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी सगळी घरे आपल्या फळ्या काढून डोक्यावरून नदीवर नेत. खडकांवर ओळीने मांडत. उन्हात तापवत, राख लावत, नारळाच्या काथ्याने घासत. सगळ्यांच्याच फळ्यांतून काळे पाणी वाही. थट्टा चाले.

"अगं, ही फळी आहे की तवा?"

"आमच्या ह्यांना रोज भजी लागतात. त्यांना विचार जा!"

हसायचे आणि घासायचे. सगळ्यांनी सगळ्यांचा मळ पाहिलेला असे, म्हणून कुणाला कुणाची लाज नसे. संध्याकाळी लाकडाचा मूळचा रंग उघडा पडे आणि घरोघर भिंती पुन्हा उभ्या राहत.

आता माणसाबद्दल सांगतो.

त्या गावात रखमाजी नावाचा मानकरी होता. देवीचा नैवेद्य त्याच्या घरच्या चुलीवर शिजे. त्याच्या बापाच्या वेळी तिथेच शिजे, आजाच्या वेळीही तिथेच. उत्सवाच्या दिवशी गावातले पुरुष धुतलेले पांढरे अंगरखे घालून त्याच्या माजघरात जमत. आत कढया चढत. नैवेद्य होईपर्यंत हे लोक फळ्यांना पाठ टेकून भजन म्हणत. मग सगळे ओळीने देवळात जात. गाव पुढे आणि नैवेद्याचे ताट घेतलेला मानकरी सर्वांच्या मागे, असा नेम होता.

रखमाजीच्या घरच्या फळ्याही पूर्वी नदीवर जात. एका वर्षी त्याची बायको नदीवर फळी घासत होती. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई! मानकऱ्याच्या घरचा मळसुद्धा आमच्यासारखाच काळा की!"

सगळ्या हसल्या. त्याची बायकोही हसली. काठावर उभ्या असलेल्या रखमाजीने ते ऐकले. तो हसला नाही.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून आपल्या फळ्या नदीवर जायच्या नाहीत."

"अहो, मग घासायच्या कुठं?"

"घासायला मळ असावा लागतो. मानकऱ्याच्या घरात मळ नसतो."

ती बिचारी काय बोलणार? दार लावून, फळ्या जागच्या जागी ठेवून, जमेल तसे घासत राहिली. ती होती तोवर घर कसेबसे सावरले. मग ती गेली.

रखमाजीला एक मुलगा होता, संतू. स्वभावाने गरीब, बापापुढे मान वर न करणारा. त्याचे लग्न झाले आणि नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावातून गोजरा नावाची सून घरात आली. मुलगी कामाला वाघीण होती. पहिल्याच उत्सवाआधी तिने राख चाळून घमेल्यात भरली आणि रिठे भिजत घातले.

रखमाजीने ते पाहिले. "हे काय मांडलंय?"

"फळ्या चिकट झाल्यात मामंजी. उद्या नदीवर न्यायच्या ना?"

"न्यायच्या नाहीत."

"मग मागल्या अंगणात घासते."

"काळं पाणी वाहत रस्त्यावर जाईल. लोक बघतील."

"बघू द्या की. लोकांच्या घरचंही जातंच."

"लोकांचं लोकांपाशी. गेरू लाव. भिंत लाल दिसली म्हणजे झालं."

गोजरा हळूच म्हणाली, "मामंजी, तेलकटावर गेरू धरत नाही. आधी मळ निघाला पाहिजे."

"मळ हा शब्द या घरात बोलायचा नाही," रखमाजी म्हणाला. "पाण्यात धरत नसेल तर जवसाच्या तेलात कालव. धरेल."

तिने तेलात गेरू कालवून लावला. तो धरल्यासारखा दिसला. भिंत लाल झाली आणि चकाकू लागली. उत्सवाला आलेले लोक म्हणाले, "मानकरी, भिंत काय नवी केलीत?" रखमाजीने मिशीवर हात फिरवला.

तेव्हापासून दर उत्सवाला हेच. काळ्यावर लाल, लालवर वर्षाचे काळे, त्यावर पुन्हा लाल. मळावर तेल चढत होते आणि तेलाखाली मळ मऊच राहत होता. वरून ते वाळल्यासारखे दिसे, पण गोजरा बोट लावी तेव्हा बोट चिकटे. तिने नवऱ्याला सांगितले.

संतू म्हणाला, "आबांना कोण सांगणार? तू सांगून पाहिलंस ना?"

"तुम्ही सांगा."

"मी?" संतू म्हणाला, आणि तो विषय तिथेच मिटला.

असे होता होता एक वर्ष आले. त्या वर्षी पीक उत्तम आले होते, म्हणून उत्सव मोठा करायचा ठरला. आजूबाजूच्या गावांतूनही माणसे आली. चुलीवर एकाऐवजी कितीतरी कढया चढल्या. वडे, पुऱ्या, घारगे. आतून फळ्या तापल्या. बाहेरून माणसांच्या पाठी टेकलेल्या. भजन रंगले आणि लांबले. ऊनही त्या दिवशी फार होते.

नैवेद्य तयार झाला. लोक उठले. कुणाकुणाला उठताना अंगरखा जरा ओढल्यासारखा वाटला, पण टाळ वाजत होते, कुणी मागे वळून पाहिले नाही. ओळ लागली आणि देवळाकडे निघाली.

ओळीत काय झाले ते ऐका. प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसत होती. पांढऱ्या अंगरख्यावर तांबडा-काळा चिकट पट्टा, खांद्यापासून कमरेपर्यंत. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीकडे पाहून गालात हसे. मनात म्हणे, हा कुठे लोळून आला? आणि मोठेपणाने गप्प बसे. आपल्या मागेही कुणी तसेच हसत चालले आहे, हे त्याच्या ध्यानात येत नव्हते.

सर्वांच्या मागे रखमाजी होता. आधी त्याला एकच पाठ दिसली. त्यालाही हसू आले. मग रस्ता वळला आणि सगळी ओळ आडवी त्याच्या डोळ्यांसमोर आली. पाठीमागून पाठ, पाठीमागून पाठ. एकही पाठ सुटलेली नव्हती.

तो रंग त्याने ओळखला. दुसऱ्या कुठल्याच घरात तो रंग नव्हता.

त्याच्या हातातले ताट जड झाले. पण तो चालत राहिला.

देवळात आधी प्रदक्षिणा घालायची असे. ओळ गाभाऱ्याभोवती फिरली आणि सर्वांत पुढचा माणूस फिरून सर्वांत मागच्याच्या मागे आला. पुढचा माणूस म्हणजे धाकलू सुतार. तोंडाने फटकळ. रखमाजीच्या पाठीकडे पाहून तो थबकला आणि मोठ्याने म्हणाला, "मानकरी, तुमच्याही पाठीला आहे!"

"तुमच्याही म्हणजे?" कुणीतरी विचारले.

मग जो तो वळून पाहू लागला. हसू फुटले, आणि आपापल्या पाठीला हात गेल्यावर तितक्याच झटकन थांबले. अंगणात आरत्या घेऊन उभ्या असलेल्या बायका सगळे पाहत होत्या.

त्यांच्यातून चिमाआजी पुढे आली. गावातली ती सर्वांत म्हातारी. नैवेद्य देवीपुढे ठेवण्याचा हात तिचा. तिने एका अंगरख्यावर बोट फिरवले आणि नाकाशी नेले.

"खवट तेल आहे रे हे. आजचं नाही, जुनं आहे. रखमाजी, हे तुझ्या घरच्या भिंतीचं."

सगळे गाव त्याच्याकडे पाहू लागले.

त्या क्षणी खरे बोलता आले असते. दोन शब्द पुरले असते. पण रखमाजी म्हणाला, "चुलीपाशी मी बसतो काय? घरात सून आहे. तिला विचारा."

एवढेच बोलला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पण त्याहून मोठे खोटे त्या गावात कधी कुणी बोलले नव्हते.

गोजरा देवळाच्या पायरीवर पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिने एकदा सासऱ्याकडे पाहिले. तो ताटाकडे पाहत होता. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता. मग तिने पदर पुढे ओढला. सासऱ्याला भर देवळात खोटे पाडायचे नाही, असे वळण तिच्या घरचे होते.

चिमाआजी म्हणाली, "देवी आई आहे, ती काहीही खाईल. पण माझा हात पुढे होत नाही." त्या वर्षी देवीला गूळखोबरे दाखवले. मानकऱ्याच्या घरचा नैवेद्य तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून गोजराचे नाव गेले. गावाने तिला नवे नाव दिले.

पाणवठ्यावर बायका म्हणत, "सरका गं, गेरूबाई आली. लुगड्याला लागेल."

"गेरूबाई, आज कुणाची पाठ रंगवणार?"

"एवढं मानाचं घर मिळालं आणि साध्या फळ्या घासता येईनात! आयशीनं शिकवलं काय?"

गोजरा घागर भरी आणि जाई. थट्टा बाजाराला गेली. बाजारातून चार गावांना गेली. मळ डोक्यावरून न्यावा लागतो, थट्टा आपल्या पायाने जाते.

घरात रखमाजी पाटावर बसे. गोजरा पूर्वीसारखीच भाकरी वाढी. गरम वाढी, वेळेवर वाढी. एक शब्द बोलत नसे. ती भांडली असती तर त्याला बरे वाटले असते. तिच्या हाताकडे त्याला पाहवत नसे. तो लवकर उठे.

एकदा संतूने धीर केला. "आबा, गेरू लावायला तिला सांगितलं कुणी?"

"तू गप्प बस," रखमाजी म्हणाला. संतू गप्प बसला.

मग एका सकाळी गोजराचा बाप आला. हैबती त्याचे नाव. अंगावर जाडेभरडे कपडे, पाय धुळीने भरलेले. ओट्यावर गावातली माणसे बसली होती. धाकलू सुतार होता, आणखीही काही जण होते. हैबती ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहिला. त्याने डोक्यावरचे पागोटे काढले आणि रखमाजीच्या पायांशी ठेवले.

"व्याही, चूक माझी आहे."

रखमाजीने पाय मागे घेतले.

"आई लहानपणीच गेली पोरीची," हैबती म्हणाला. "मी पुरुषमाणूस. मला वाटलं, तिला सगळं येतं. आमच्या घरी तर हातात काथ्या घेऊनच हिंडायची. पण मानाच्या घरची साफसफाई निराळी असेल. ते वळण मी लावलं नाही. तुमच्या तीन पिढ्यांचं नाव माझ्या पोरीनं घालवलं. तिला घेऊन जातो. आमच्या बहिणीकडं ठेवतो, शिकवून घेतो. तुम्हाला पटलं तर मग न्या. नाही पटलं..."



ऐकणाऱ्यांनो, माणसाला लाज दोन प्रकारची वाटते. लोकांनी पाहिले म्हणून एक. ती देवळात वाटली होती, आणि त्या लाजेने रखमाजी खोटे बोलला होता. दुसरी लाज अशी, की कुणालाच काही ठाऊक नसते आणि समोरचा आपल्याच पाया पडत असतो. ही दुसरी हाडात शिरते.

ती शिरली. तरीही रखमाजी खरे बोलला नाही. म्हणाला काय, तर "जा घेऊन."

गोजरा गाठोडे घेऊन बाहेर आली. तिने वाकून सासऱ्याला नमस्कार केला. हैबतीने आपले पागोटे आपणच उचलले, झटकले आणि डोक्यावर ठेवले. बापलेक नदीच्या रस्त्याला लागले. ओट्यावरचा एक जण म्हणाला, "बाप भला आहे हो. पोरगीच तशी निघाली, त्याला कोण काय करणार!"

रखमाजी उठून आत गेला.

आत चूल विझली होती. संतू शेतात गेला होता, घर रिकामे होते. त्याने आधाराला भिंतीला हात लावला. हात चिकटला. ओढून काढला तर तळहात तांबडा-काळा. त्याने तांब्याभर पाणी ओतून हात चोळला. मळ पसरला, निघाला नाही. दुसऱ्या हाताने चोळला, तर दुसरा हातही भरला. धोतराला पुसला, तर धोतर भरले.

त्याच घरात, त्याच भिंतीआड, ती पोर रोज राबत होती.

त्याने फळी ओढली. ती हलेना. वर्षानुवर्षांच्या तेलाने खाचा भरून गेल्या होत्या. त्याने पहार आणली आणि घातली. कर्र आवाज झाला आणि फळी खाचेतून सुटली. तिची चुलीकडची बाजू त्याने कित्येक वर्षांनी उजेडात पाहिली. मग ती डोक्यावर घेतली आणि तो भर उन्हात रस्त्यावर आला.

ओट्यावरचे उठून उभे राहिले. धाकलू म्हणाला, "मानकरी, फळी कुठं?"

"नदीवर."

"आज? फळ्यांचा दिवस तर होऊन गेला."

"तुमचा होऊन गेला," रखमाजी म्हणाला आणि चालू लागला. तापलेल्या फळीतून काळा ओघळ त्याच्या कपाळावर उतरत होता. लोक कुतूहलाने मागे निघाले.

नदीवर होडी पलीकडच्या काठाला होती. हैबती आणि गोजरा होडीची वाट पाहत खडकावर बसले होते. पाणवठ्यावर बायका धुणी धूत होत्या. त्यांचे चाललेले होतेच. "चालली का गेरूबाई माहेरी? तिथल्या भिंतींना सांभाळा गं बाई!"

तेवढ्यात रखमाजी आला. फळी त्याने खडकावर आपटली. धुणी थांबली.

भरल्या उत्सवात ताट घेऊन चालणारा माणूस, पण त्या मूठभर बायकांसमोर त्याला उभे राहवेना.

"ऐका," तो म्हणाला. "ही फळी माझी. हिच्यावरचा मळ माझा. गोजरानं राख काढली होती. मी तिला हात लावू दिला नाही. नदीवर येऊ दिलं नाही. तेलात गेरू कालवायला मी सांगितलं. ती नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही."

मागून आलेले लोक जवळ सरकले.

"आणि देवळात," तो म्हणाला. "देवळात मी तिचं नाव घेतलं. मला ठाऊक होतं. तरी घेतलं. आज तिचा बाप माझ्या पाया पडला. मी पडू दिलं."

मागून आलेल्या धाकलू सुताराने मान दुसरीकडे फिरवली. गेरूबाई म्हणणाऱ्या बायका हातातल्या धुण्याकडे पाहू लागल्या. आता लाज वाटायची पाळी सगळ्यांची होती.

रखमाजीने पागोटे काढले आणि तो हैबतीपुढे वाकू लागला. हैबतीने त्याचा दंड धरला. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता, पण आवाज चढला नाही.

"नको व्याही. पागोटं राहू द्या डोक्यावर. हात फळीवर चालवा."

रखमाजी खाली बसला. फळीवर पाणी ओतले आणि वाळूने घासू लागला. पाण्याचे थेंब तेलावरून घरंगळून जात. वाळू चिकटून बसली. फळी होती त्याहून वाईट दिसू लागली. एका बाईला राहवेना. "मानकरी, भजन म्हणत घासा, म्हणजे जोर येईल!" काही जणी हसल्या. रखमाजीने ते ऐकले आणि घासत राहिला.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

"थंड पाण्यानं नाही जायचं ते, मामंजी."

गोजरा उठून आली होती. पण तिने फळीला हात लावला नाही. उभ्या उभ्याच सांगितले.

"आधी उन्हात तापू द्या. मऊ झालं की करवंटीच्या धारेनं खरवडा. वरचा थर निघाला की राखेचं कढत पाणी ओता आणि ओली राख थापून ठेवा. लगेच घासू नका, राखेला तेल खाऊ द्या. मग काथ्या घ्या. लाकडाच्या रेषा आहेत तसा हात चालवा, आडवा नको. शेवटी रिठ्याचा फेस."

"एवढं करून निघेल?"

"एका दिवसात निघणार नाही. थरावर थर आहेत." मग ती म्हणाली, "तुम्हीच लावलेत."

रखमाजीने मान हलवली. "मी करतो. तू घरी चल, पोरी."

सगळ्यांना वाटले, आता ती हो म्हणेल. होडी काठाला लागत होती.

"आज नाही," गोजरा म्हणाली. "मी माहेरी जाते. वळण शिकायला नाही, राहायला जाते. भिंतीच्या सगळ्या फळ्या तुम्ही इथं आणून धुवा. उजेडी, लोकांसमोर. आणि माझं नाव जिथं जिथं गेलंय, तिथं तिथं जाऊन हेच सांगा, जे आज सांगितलंत. बाजारात सांगा. आमच्या गावात सांगा. मग न्यायला या. आणि त्यांनाही बरोबर आणा," ती म्हणाली. ते म्हणजे संतू. "त्यांनाही बोलायला शिकू द्या."

ती होडीत बसली. हैबती तिच्याशेजारी बसला. होडी गेली.

रखमाजी सांगितल्याप्रमाणे वागला. रोज एक फळी काढायची, डोक्यावरून न्यायची, दिवसभर घासायची. नखांत राख भरली, बोटे फाटली. संतू पहिल्या दिवशी काठावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बापासमोर बसला आणि फळीचे दुसरे टोक धरले. बापाला म्हणाला, "मलाही ठाऊक होतं." रखमाजी म्हणाला, "घास."

फळ्या संपल्या. पण फळ्यांचे काम त्यातल्या त्यात सोपे होते. बापलेक बाजाराला गेले आणि पेठेच्या चौकात उभे राहिले. रखमाजीने तेच सांगितले, जे नदीवर सांगितले होते. काही हसले. काहींनी ऐकलेच नाही, त्यांना घाई होती. ज्यांनी गेरूबाईची थट्टा चवीने ऐकली होती, त्यांना खरे ऐकायला वेळ नव्हता. रखमाजी पुढच्या बाजाराला पुन्हा गेला. त्याच्या पुढच्यालाही गेला. कुठल्याशा लांबच्या गावात ती थट्टा पोहोचली होती आणि तिथे त्याचे खरे कधीच पोहोचले नाही. हे त्याला मरेपर्यंत सलत राहिले.

शेवटी तो हैबतीच्या गावी गेला. हैबतीच्या दारात, त्याच्या शेजाऱ्यांसमोर, सगळे सांगितले. या वेळी बापाच्या आधी संतू बोलला. गोजरा आतून ऐकत होती. ती गाठोडे घेऊन बाहेर आली.

ती परतली. घर पुन्हा चालू लागले. पण नैवेद्याचा मान त्या घरी परतला नाही. गावाने विचारले होते. रखमाजीच म्हणाला, "नको. दुसऱ्या कुणाला द्या." नैवेद्य धाकलू सुताराच्या चुलीवर शिजू लागला.

पुढच्या वर्षी फळ्यांचा दिवस आला. रखमाजी आपली फळी घेऊन नदीवर गेला. गोजरा आणि संतू त्याच्यामागे होते. खडकांवर ओळ लागली होती. टोकाला एक नवी सून बसली होती, नुकतीच गावात आलेली. तिने आपली फळी पालथी घातली होती, काळी बाजू खडकाकडे. तिला लाज वाटत होती. वरच्या, त्यातल्या त्यात स्वच्छ बाजूलाच ती उगाच काथ्या फिरवत होती.

रखमाजीने ते पाहिले. तो उठला, आपली फळी उचलून तिच्याशेजारी घेऊन गेला आणि काळी बाजू वर करून मांडली. राख घेतली आणि थापू लागला.

त्या पोरीने इकडेतिकडे पाहिले. मग तिने आपली फळी उलटवली.

ऐकणाऱ्यांनो, ध्यानात ठेवा: आपला मळ चारचौघांत धुवायला जो लाजतो, तो एक दिवस निर्दोष माणसाला लाजेने मान खाली घालायला लावतो.